एका वीराची घडण

आमच्या वार्षिकाच्या मराठी विभागासाठीं दरवर्षीं मी जो लेख देतों, त्याचा विषय बहुधा ठरलेला असतो: वक्तशीरपणा, वाचनाची गोडी, किंवा गणिताची भीति. यंदां संपादक मंडळांतील विद्यार्थी लेख मागावयास आले तेव्हां मीं त्यांस विषय सांगितला, आणि ते एकमेकांकडे पाहून हंसले. त्यांचें हंसणें योग्यच होतें. चार वर्षांपूर्वीं ह्याच शाळेच्या सभागृहांत पालकांपुढें उभें राहून व्हिडिओ गेम ह्या वस्तूविरुद्ध पाऊण तास बोलणारा शिक्षक मीच. त्या दिवशीं मीं ह्या खेळांस वेळेचे चोर म्हटलें. आणि ज्यांत राक्षस, भुतें व चेटूक ह्यांचा सुळसुळाट आहे असे खेळ ख्रिस्ती घरांत तर मुळींच नकोत, असेंहि ठासून सांगितलें. पालकांनीं टाळ्या वाजविल्या. मीं त्यांपैकीं एकहि खेळ पाहिलेला नव्हता, ही गोष्ट मला कोणी विचारली नाहीं व मींहि सांगितली नाहीं.

त्या भाषणाचें खरें कारण सभागृहांत नव्हतें, घरांत होतें. माझा मुलगा त्या वर्षीं दहावींत होता. रात्रीं अकरा वाजतां त्याच्या खोलींतून तलवारींचा खणखणाट ऐकूं आला कीं माझें रक्त तापे. शेवटीं एके रात्रीं मीं संगणकाची तार उपटून कपाटांत ठेविली आणि किल्ली खिशांत टाकली. तो एक शब्द बोलला नाहीं. दहावीच्या निकालांत त्याचे गणिताचे गुण मला लाज वाटण्याइतके कमी आले, आणि गणिताच्या शिक्षकाच्या मुलाचे गुण गांवांत लपून राहत नाहींत. शाळेंत तो मला इतर मुलांप्रमाणें 'सर' म्हणे व घरीं 'बाबा'. त्या वर्षापासून घरींहि अधून मधून 'सर' येऊं लागलें. संवयीनें येत असेल, अशी मीं स्वतःची समजूत करून घेतली.

आतां तो एकोणीस वर्षांचा आहे व पुण्यास अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षांत शिकतो. पहिल्या वर्षाचें गणित राहिलें आहे. विद्यार्थ्यांच्या भाषेंत, 'केटी लागली' आहे. गेल्या नाताळच्या सुटींत तो घरीं आला तो लॅपटॉप घेऊन. अभ्यासासाठीं म्हणून मींच कर्ज काढून घेऊन दिलेला हा लॅपटॉप पहिल्याच रात्रीं जेवणाच्या मेजावर उघडला गेला, आणि ओळखीचा खणखणाट सुरू झाला. मी उठणार तोंच पत्नी म्हणाली, "रागवायचेंच असेल तर रागवा, पण निदान काय आहे तें एकदां बघून रागवा." मी खुर्ची ओढून त्याच्या मागें बसलों. त्यानें मागें वळून पाहिलें नाहीं, पण त्याचे खांदे आंखडलेले मला दिसले.

तो खेळ होता डार्क सोल्स. जपानांतील फ्रॉमसॉफ्टवेअर ह्या कंपनीनें हिदेताका मियाझाकी ह्यांच्या दिग्दर्शनाखालीं २०११ सालीं तो काढिला. ह्या जातीच्या खेळांत खेळणारा प्रथम आपला वीर स्वतः घडवितो आणि मग त्याला एका कल्पित जगांत घेऊन जातो. ह्या खेळांत आरंभीं दहा पेशे पुढें ठेवलेले असतात: योद्धा, सरदार, चोर, शिकारी, मांत्रिक वगैरे. दहावा पेशा म्हणजे पेशाच नव्हे. त्याचें नांव 'वंचित'. त्याच्या अंगावर वस्त्र नाहींसें, हातांत एक सोटा, दुसऱ्या हातांत फळीची ढाल, आणि त्याचे आठहि गुण सारखे, प्रत्येकीं अकरा. माझ्या मुलानें हाच निवडला होता. कां, असें विचारतां म्हणाला, "पेशा फक्त सुरुवात असते. पुढें काय करायचें तें आपल्यावर." प्रत्येक पायरी चढतांना एक गुण वाढवितां येतो; सोटेवाला पुढें मांत्रिक होऊं शकतो व मांत्रिक सोटेवाला.

पण मला गुंतवून टाकलें तें त्यांतील लढाईनें. पडद्याच्या कोपऱ्यांत एक तांबडी रेघ असते व तिच्या खालीं एक हिरवी. तांबडी म्हणजे प्राण, हिरवी म्हणजे दम. तलवार उगारली कीं दम खर्च होतो. ढालीवर घाव झेलला कीं दम खर्च होतो. कोलांटी घेऊन बाजूला झालें तरी दम खर्च होतो. थांबलें तर तो परत भरतो, परंतु ढाल वर धरून थांबलें तर फार हळू भरतो. म्हणजे सुरक्षित राहण्याचीहि किंमत आहे. जो घाबरून सारखा घाव घालीत सुटतो, त्याचा दम ऐन वेळीं संपतो आणि समोरचा राक्षस त्याला चिरडून टाकतो. कवचाचेंहि तसेंच. वीराला जेवढें ओझें पेलतें त्याच्या चौथाईच्या आंत वजन असलें तर त्याची कोलांटी चपळ होते, अर्ध्याच्या आंत असलें तर बेताची, आणि अर्ध्यावर गेलें कीं तो धान्याचें पोतें पडावें तसा आदळतो. पुढें मीं स्वतः खेळून पाहिलें तेव्हां सांपडेल तें चिलखत अंगावर चढविलें, आणि पहिल्याच वळणावर मेलों. "ओझें उतरवा," एवढेंच तो म्हणाला. उतरविल्यावर मी दुसऱ्या वळणापर्यंत गेलों.

त्या रात्रीं एका तटाच्या अरुंद भिंतीवर टॉरस नांवाचा बैलाच्या तोंडाचा प्रचंड राक्षस त्याच्यासमोर आला. माझा मुलगा अकरा वेळां मेला. मीं मोजलें, कारण मोजणें हा माझा धंदा आहे. मेल्यावर गोळा केलेलें सारें धन मेल्या जागीं पडून राहतें, वीर पूर्वीच्या शेकोटीपाशीं उठतो, वाटेंतले सारे शत्रु पुन्हां उभे असतात, आणि त्या जागीं पोंचण्यापूर्वीं पुन्हां मेला तर तें धन कायमचें जातें. अशी शिक्षा आमच्या शाळेंत कोणी दिली असती तर पालकांनीं मोर्चा आणला असता! पण हा मुलगा न चिडता, न कुरकुरता बाराव्यांदा निघाला. ज्यानें गणिताचें एक उदाहरण एका प्रयत्नांत सुटलें नाहीं कीं वही मिटवावी, तोच हा. पाहतां पाहतां मला त्याचें कारणहि उमगलें. राक्षस प्रत्येक घावापूर्वीं कांहींतरी खूण करितो: खांदा मागें नेतो, कुऱ्हाड वर उचलतो, क्षणभर थांबतो. पाहणाऱ्यास ती दिसते. म्हणून मरणाऱ्यास प्रत्येक वेळीं कळतें कीं चूक आपली होती आणि ती कोणती होती. आम्ही शिक्षक उत्तरपत्रिकेवर तांबडी फुली मारतों. चूक कोणत्या पायरीवर झाली तें किती जण लिहितों? बाराव्या खेपेस त्याला आढळलें कीं मागल्या बुरुजास एक शिडी आहे. तो वर चढला, तेथले दोन बाण मारणारे शिपाई दूर केले, आणि राक्षस खालीं येतांच सोटा घेऊन थेट त्याच्या डोक्यावर उडी मारली. त्याचें बळ वाढलें नव्हतें. उभें राहण्याची जागा मात्र बदलली होती. मी नकळत "शाबास" म्हणालों. त्यानें त्या वेळीं प्रथम मागें वळून पाहिलें.

दुसऱ्या दिवसापासून मीं ह्या विषयावर मिळेल तें वाचावयास घेतलें. ह्या खेळांचें कूळ पाहूं गेलें तर युद्धाच्या शिक्षणापर्यंत जातें. १८२४ सालीं प्रशियाच्या सैन्यांतील अधिकाऱ्यांना नकाशावर सोंगट्या मांडून व फांसे टाकून लढाईचा सराव करण्याचा एक खेळ प्रसिद्ध झाला. अशाच मांडणीच्या खेळांचे शौकीन असलेले गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन ह्या दोन अमेरिकनांनीं १९७४ सालीं डंजन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ काढिला. गायगॅक्स हे विम्याच्या कचेरींत काम केलेले व पुढें जोडे दुरुस्त करून संसार चालविणारे गृहस्थ. त्यांनीं केलेला फरक दिसावयास लहान, पण परिणामानें फार मोठा होता. पूर्वीं सोंगटी म्हणजे शिपायांची पलटण असे. ती आतां एकच माणूस झाली, आणि त्या माणसास नांव, पेशा व सहा गुण मिळाले: बळ, चपळाई, काटकपणा, बुद्धि, शहाणपण आणि करिश्मा. बुद्धि व शहाणपण हे दोन निराळे रकाने ठेवावेत, ही समजूत एका चांभारकाम करणाऱ्यास होती. आमच्या गुणपत्रिकेस ती अद्याप आलेली नाहीं. सहावा शब्द मूळ ग्रीक. पौलाच्या पत्रांत तो येतो, आणि आपल्या मराठी बायबलांत त्याला कृपादान म्हटलें आहे. येथें मात्र त्याचा अर्थ चार माणसांना बोलून वळविण्याची हातोटी एवढाच उरला आहे.

आरंभीं हे गुण तीन फांसे टाकून ठरत. तीन फांशांचीं दानें एकंदर २१६ प्रकारें पडूं शकतात. त्यांत अठरा एकदांच येतो, पण दहा सत्तावीस वेळां व अकराहि सत्तावीस वेळां. म्हणजे असामान्य माणूस विरळा व साधारण माणूस पुष्कळ, हें त्या तीन फांशांतच बसविलेलें होतें. १९८० च्या दशकांत अमेरिकेंतील अनेक चर्चवाल्यांनीं ह्या खेळाला सैतानाचें काम ठरवून मोठी ओरड केली. तें वाचतांना मला आमच्या सभागृहांतील टाळ्या आठवल्या.

वाचतां वाचतां आणखी एका खेळाची हकीकत सांपडली. ती विद्यार्थ्यांना आवडेल. रिचर्ड गॅरियट ह्यांचा अल्टिमा ह्या मालिकेंतील चौथा खेळ १९८५ सालीं निघाला. त्याच्या नांवांत आपला 'अवतार' हा शब्द जसाच्या तसा आहे. त्यांत शेवटीं मारावयाचा कोणी महाराक्षस नाहीं. प्रामाणिकपणा, दया, शौर्य, न्याय, त्याग, प्रतिष्ठा, अध्यात्म व नम्रता हे आठ सद्गुण अंगीं बाणविणें हेंच ध्येय. आरंभीं एक भविष्य सांगणारी बाई सात पेंच घालते. प्रत्येकांत दोन सद्गुणांपैकीं एक निवडावयाचा असतो, आणि शेवटीं जो उरेल त्यावरून तुमचा पेशा ठरतो. शौर्य उरलें तर योद्धा. दया उरली तर गवई. आणि नम्रता उरली तर मेंढपाळ, म्हणजे सर्वांत दुबळा वीर. नम्रता निवडणाऱ्यास खेळ पुढचा सारा मार्ग अवघड करून देतो. मला ही रचना फार खरी वाटली. त्या जगांत औषधी विकणारी एक आंधळी बाई आहे. किती पैसे द्यावयाचे तें तुम्हीच सांगावयाचें. कमी दिले तर त्या क्षणीं कांहींच घडत नाहीं. नोंद मात्र आंत कोठें तरी होते, आणि पुष्कळ पुढें ती तुमच्या आड येते.

आतां मूळ गोष्टीकडे येतों.

सुटीच्या पांचव्या दिवशीं त्यानें मला बाल्डर्स गेट ३ हा खेळ दाखविला. बेल्जममधील लॅरियन स्टुडिओज ह्या मंडळींनीं २०२३ सालीं काढिलेला हा खेळ वर सांगितलेल्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्याच नियमांवर बेतलेला आहे. (पालकहो, अठरा वर्षांवरील लोकांसाठीं असा ह्यावर शिक्का आहे, व तो उगाच मारलेला नाहीं. माझा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे. आपली मुलें नाहींत.) येथें डार्क सोल्ससारखी हाताची घाई नाहीं. प्रत्येकजण आपल्या पाळीची वाट पाहतो. पाळी आली कीं कांहीं अंतर चालावें, एक मुख्य कृति करावी, व एखादी छोटी जोडकृतीहि करावी. घाव लागला कीं नाहीं तें वीस पैलूंच्या फांशावर ठरतें: फांशाचा अंक व वीराचें कौशल्य ह्यांची बेरीज शत्रूच्या कवचांकाइतकी भरली पाहिजे. वीस आले तर घाव नेहमीं लागतो, एक आला तर नेहमीं चुकतो. उंचावर उभें राहून बाण मारल्यास दोन अधिक मिळतात. माझ्यासारख्या विचार करून बोलणाऱ्यास हा प्रकार मानवला. ह्यांत एक दोष मला दिसला तो सांगून टाकतों: फांसा वाईट पडला कीं खेळणारा मागें जतन केलेल्या जागेवरून पुन्हां सुरुवात करूं शकतो. ही उत्तरपत्रिका फाडून दुसरी लिहिण्याची मुभा झाली. डार्क सोल्स ती देत नाहीं. शिवाय लागोपाठ वाईट दानें पडूं नयेत म्हणून एक सोय आहे, आणि तिला नांव दिलें आहे 'कर्माचे फांसे'. कर्माचा सिद्धांत मानणारे लोक त्या सोयीस कर्म म्हणतील असें मला वाटत नाहीं.

त्यानें आपली मंडळी पडद्यावर उघडली. पहिला वीर करड्या केसांचा, मिशीवाला, अंगावर जाडजूड चिलखत. पेशा क्लेरिक, म्हणजे देवाच्या नांवानें बरें करणारा व लढणाराहि. मीं नांव वाचलें. नांव होतें 'सर'.

मी कांहीं बोललों नाहीं. तोहि थोडा गोंधळला. मग गुणांचे रकाने वाचूं लागलों. ह्या खेळांत गुण फांशांनीं ठरत नाहींत. सत्तावीस ठोकळ्यांची एक पुंजी मिळते, ती सहा गुणांत वांटावयाची असते. प्रत्येक गुण आठापासून सुरू होतो व पंधरापर्यंत विकत घेतां येतो. तेरापर्यंत प्रत्येक पायरीस एक ठोकळा, वरच्या दोन पायऱ्यांस दोन दोन. म्हणजे पंधरा घ्यावयाचे तर नऊ ठोकळे जातात. 'सर'चें शहाणपण पंधरा, बळ चौदा, काटकपणा चौदा. चपळाई व बुद्धि दहा दहा. नऊ, सात, सात, दोन, दोन. सत्तावीस संपले. करिश्मा आठ, म्हणजे असूं शकेल तितका कमी.

"करिश्म्याला कांहींच दिलें नाहींस?" मीं विचारिलें.

"क्लेरिकला लागत नाहीं," तो पडद्याकडे पाहत म्हणाला. "तो बोलायला नसतोच. तो बाकीच्यांना उभें ठेवायला असतो." मग त्यानें तें कसें होतें तें दाखविलें. एखादा साथीदार दूर आडवा पडला असला तरी क्लेरिक जोडकृतींत एक शब्द उच्चारून त्याला उठवितो, आणि त्याच पाळींत स्वतःची गदाहि चालवूं शकतो. त्याचा आशीर्वाद तिघांवर असतो. ज्यांच्यावर तो आहे त्यांच्या घावाच्या फांशांत चार पैलूंचा एक लहान फांसा मिळविला जातो. मात्र आशीर्वाद टिकतो तो एकाग्रता टिकेतोंवर. क्लेरिकला घाव लागला कीं एकाग्रता टिकली कीं नाहीं ह्याची कसोटी होते, आणि ती काटकपणावर होते. "म्हणून चौदा दिले," तो म्हणाला. "तुम्ही मार खाल्ला तरी सोडत नाहीं." तो 'सर'विषयीं बोलत होता कीं माझ्याविषयीं, हें मीं विचारिलें नाहीं.

दुसरा वीर त्याचा स्वतःचा होता. पेशा बार्ड, म्हणजे आपल्याकडचा शाहीर म्हणावा. करिश्मा पंधरा, चपळाई पंधरा, काटकपणा चौदा, शहाणपण दहा, बळ आठ. आणि बुद्धि आठ.

"बुद्धि आठ कां?"

"शाहिराला लागत नाहीं." हेंच उत्तर. पण क्षणभर थांबून त्यानें पुढें म्हटलें, "आणि माझी तेवढीच आहे ना. तुम्हीच म्हणतां."

मीं असें कधीं म्हटलें होतें काय? ह्या शब्दांत नाहीं. परंतु दहावीच्या निकालाच्या दिवशीं मी काय बोललों, आणि पहिल्या वर्षाचें गणित राहिल्याचें कळल्यावर फोनवर काय बोललों, तें मला आठवत होतें, आणि त्यालाहि. मी कसाबसा म्हणालों, "मग वाढव कीं बुद्धि. येथें बदलतां येतें असें तूंच सांगितलेंस." कारण त्या खेळांत एक सांपळ्यासारखा म्हातारा आहे, त्याला शंभर मोहरा दिल्या कीं तो सारे गुण नव्यानें मांडूं देतो.

"वाढवीन. पण कुठून आणूं, बाबा? सत्तावीसच असतात."

त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. संवयीप्रमाणें मनांत आंकडे मांडीत पडलों. सहाहि गुण पंधरा करावयाचे तर प्रत्येकास नऊ. सहा नव्वे चौपन्न. चौपन्न म्हणजे सत्तावीसाच्या बरोबर दुप्पट. मीं इतकीं वर्षें ह्या मुलाजवळ काय मागितलें? गणितांत पहिला, वक्तृत्वांत पहिला, मैदानावर पुढें, उपासनेंत पियानोवर, घरीं आज्ञाधारक. मी चौपन्न मागत होतों. आणि माझ्या स्वतःच्या आठाकडे, ज्याच्यामुळें घरांत दोन शब्द गोडीचे बोलणें मला साधत नाहीं, त्याच्याकडे कोणी बोट दाखविलें नव्हतें. दाखविलें तें ह्या मुलानें, आणि त्याबरोबर सांगितलें कीं त्याच्यावांचून चालतें.

तरीहि मी शिक्षक आहें, आणि सत्तावीस हा आंकडा मला सर्वस्वीं मान्य नाहीं. तो खेळाच्या रचनाकारांनीं घातलेला आंकडा आहे. कोणत्याहि मुलाच्या जन्मपत्रिकेंत तो लिहिलेला नसतो. खुद्द त्या खेळांतहि चौथ्या पायरीवर दोन गुण आणखी वाढवितां येतात. हें मीं त्याला दुसऱ्या दिवशीं सांगितलें, आणि अभियांत्रिकीचें गणित शाहिरासहि उत्तीर्ण व्हावेंच लागतें, हेंहि सांगितलें. तो हंसला व "हो" म्हणाला.

मग मीं सहज एक प्रश्न टाकला. कांहीं अनुकूल प्रसंगीं ह्या खेळांत एकाऐवजीं दोन फांसे टाकून मोठा अंक घेतां येतो. तर क्लेरिकचा आशीर्वाद श्रेष्ठ कीं हे दोन फांसे? तो कागद न घेतां बोलूं लागला. "समजा, अकरा हवेत. नुसत्या फांशानें शेंकडा पन्नास. आशीर्वादानें सरासरी अडीच वाढतात, म्हणजे साडेबासष्ट. दोन फांशांनीं, दोन्हीं वेळां चुकायला अर्ध्याचा अर्धा, म्हणून पंचाहत्तर. दोन फांसे चांगले." मीं मान डोलाविली. "पण समोरचा अगदीं लोखंडांत मढलेला असला तर उलट होतें," तो पुढें म्हणाला. "एकोणीस हवेत असें धरा. नुसत्या फांशानें दहा. दोन फांशांनीं एकोणीस. आशीर्वादानें साडेबावीस." हें मला अपेक्षित नव्हतें. मीं कागद ओढून मांडून पाहिलें. तो बरोबर होता. मीं कागद त्याच्यापुढें सरकविला आणि बोट ठेवून म्हटलें, "ह्याला बुद्धि आठ म्हणत नाहींत." तो कागदाकडे पाहत राहिला. करिश्मा आठ असलेल्या माणसाला एवढेंच बोलतां आलें.

सुटीच्या शेवटच्या शनिवारीं आम्ही दोघे मिळून खेळावयास बसलों. पडद्याचे दोन भाग झाले. एकांत 'सर', एकांत शाहीर. एका उजाड खेड्यांत तीन राक्षस राहतात. त्यांचा पुढारी बोलतो तें अगदीं पंडिताप्रमाणें, कारण त्याच्या डोक्याला एक जादूची पट्टी बांधलेली आहे. जो ती बांधील त्याची बुद्धि सतरा होते. (आमच्या कर्मचारी-खोलींत अशा दोन तीन पट्ट्या हव्या आहेत.) त्याच्याशीं लढतांहि येतें, किंवा बोलून व पैसे देऊन त्याला आपल्या बाजूस वळवितांहि येतें. बोलणें अर्थात् शाहिराकडे गेलें. मीं अगोदर त्याच्यावर 'गायडन्स' टाकलें. क्लेरिकचा हा साधासा मंत्र. बोलणाऱ्याच्या फांशांत चार पैलूंचा लहान फांसा घालतो. त्याचें मराठी मार्गदर्शन, असें मीं म्हणतांच चिरंजीवांनीं डोळे मोठे केले.

त्यानें फांसा टाकला. एक आला. एक आला म्हणजे सर्व संपलें. त्यावर कोणतें मार्गदर्शन चालत नाहीं.

राक्षसांनीं सोटे उगारले. 'सर' संवयीनें पुढें होता, म्हणून तोच पहिल्यानें पडला. शाहिरालाहि तो उठविणारा शब्द येतो, हें मला तोंवर ठाऊक नव्हतें. त्यानें मागच्या छपरावरून तो उच्चारला, 'सर' उठला, आणि उठतांच पुन्हां पडला. "ढाल कुठें आहे तुमची?" तो ओरडला. "तूं मला उंचावर न्यायला हवें होतेंस," मीहि ओरडलों. दोन मिनिटांत दोघेहि आडवे झालों होतों. घड्याळांत साडेदहा वाजले होते, आणि आमच्या घरीं साडेदहाला दिवे मालवण्याचा नियम मींच घातलेला आहे. त्यानें माझ्याकडे पाहिलें.

"आणखी एकदां," मी म्हणालों.

आंतून पत्नीचा आवाज आला, "सकाळीं उपासना आहे, दोघांनाहि सांगतें."